सोळा आकडे, दोनदा

हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तेहतीस वर्षं काढलेल्या बाईला कोणी फोनवरच गंडवेल, असं तुम्ही म्हणाला असतात तर तिच्या ओळखीच्यांनी तुम्हालाच वेड्यात काढलं असतं. आत्याचे कान म्हणजे कान होते. नुसत्या 'हॅलो'वरून ती सांगायची की डॉक्टर जेवून आलेत की उपाशी आहेत. खरं तर ती एकाच मुलीची आत्या, धाकट्या भावाच्या. पण हॉस्पिटलात झाडूवालीपासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणायचे आणि तीही सगळ्यांना ओ द्यायची.

तिची खोली जिन्याखाली होती, खिडकी नसलेली. कानाला हेडफोन, समोर बटणांची रांग, टेबलावर नंबरांची जाड वही. कामावर लागली तेव्हा वरिष्ठ बाईंनी तिला तीन गोष्टी घोटून घोटून शिकवल्या होत्या. फोन आपण आधी ठेवायचा नाही. समोरच्याचं बोलणं मधेच तोडायचं नाही. आणि आकडा सांगताना चार-चार करून, सावकाश सांगायचा आणि शेवटी पुन्हा एकदा म्हणायचा. एक आकडा चुकला तर डॉक्टर भलत्याच वॉर्डात पळतो, आणि मग जे होतं ते होतं. हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की शेजारणीला प्लंबरचा नंबर देतानासुद्धा ती 'लिहून घेतलंत का? परत म्हणते हं,' असं म्हणायची.

सगळ्या प्रश्नांना तिच्याकडे बटण होतं, फक्त एकाला नव्हतं. लांबून पेशंट घेऊन आलेली माणसं हॉलमधल्या फोनवरून विचारायची, 'बाई, आमचा माणूस आत आहे. आम्ही झोपायचं कुठं?' तेहतीस वर्षं ती त्यांना एकच उत्तर देत आली, 'चौकशीच्या खिडकीवर विचारा.' त्या खिडकीवरही कोणाला काही ठाऊक नव्हतं, आणि हे आत्याला पक्कं माहीत होतं. दर वेळी तिला आपण खोटं बोललो असं वाटायचं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी ते खुपणं काही गेलं नव्हतं.

म्हणून हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीतल्या जुन्या गोदामात 'रुग्णसोबती निवास' सुरू झाल्याचं पत्रक तिनं औषधाच्या दुकानात वाचलं, तेव्हाच तिचं ठरलं. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातली एक ठेव वीस तारखेला मोकळी होणार होती. ती तिकडे द्यायची. स्वतःच्या हातानं. घरभाडं, औषधं, अडीअडचण, सगळं तिनं वेगळं काढून ठेवलं होतं. बाई हिशेबाला कच्ची नव्हती. ही ठेव मात्र त्या न दिलेल्या उत्तराची होती.

आणि ठेव मोकळी व्हायला बारा दिवस असताना, मंगळवारी सकाळी अकराला, आत्या इस्त्री करत बसली असताना फोन वाजला.

'आम्ही रुग्णसाथी निवासमधून बोलतोय. आपण हॉस्पिटलातून निवृत्त झालात ना, मॅडम? मग पेशंटच्या नातेवाइकांचे हाल तुम्हाला आम्ही काय सांगायचे?'

सोबती काय नि साथी काय, अर्थ तोच की. नुसत्या हॅलोवरून माणूस ओळखणारे ते कान, आणि एक शब्द बदलला तो त्यांच्या खिजगणतीतही आला नाही. आत्याला वाटलं, आपण जाणार होतो, त्याआधी तेच आले. तिनं इस्त्री उभी करून ठेवली आणि खुर्ची ओढली.

पोरगा मोठा आदबीनं बोलत होता. तिचं बोलणं एकदाही तोडलं नाही त्यानं, आणि हल्ली आत्याचं बोलणं न तोडता ऐकणारं माणूस घरात तरी कुठं होतं? त्यानं सांगितलं की दानावर करात पूर्ण सूट आहे, पण आजचाच शेवटचा दिवस. आज जेवढं द्याल तेवढंच एक बडा देणगीदार वरून घालणार आहे. आत्या म्हणाली, मोठी रक्कम वीस तारखेला देईन, आज एका महिन्याच्या पेन्शनएवढी घ्या. हेही तिनंच सांगितलं, त्यानं न विचारता.

'मग कार्डावरचे आकडे सांगता का, मॅडम?'

आता आकडे सांगा म्हटल्यावर आत्या काय करणार? तिनं चष्मा लावला आणि सांगितले. चार, मग चार, मग चार, मग चार. सावकाश. मोबाइलवर सहा आकड्यांचा कोड आला, तोही तीन आणि तीन करून सांगितला. आणि मग, मला हे सांगतानाही कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो, ती म्हणाली, 'लिहून घेतलंत का? परत म्हणते हं.' चोराची लिहिताना चूक होऊ नये म्हणून सोळाच्या सोळा आकडे दोनदा. त्यानं तिला मनापासून धन्यवाद दिले. का देऊ नयेत? इतकं स्वच्छ काम त्याला आयुष्यात कोणी करून दिलं नसेल.

शनिवारी भाची आली. ती एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते आणि आत्याचं विवरणपत्र दर वर्षी तीच भरते. आत्यानं मोठ्या कौतुकानं मोबाइलवर आलेली पावती पुढे केली. भाचीनं ती वाचली, मग मोठी करून वाचली, आणि तिचा चेहरा उतरला.

'आत्या, हे रुग्णसाथी कोण?'

'अगं, ते मागच्या गल्लीतलं.'

'ते सोबती. हे साथी.' भाचीनं कर खात्याच्या यादीत शोधलं. दानावर सूट हवी तर ज्याला दिलं त्याचं नाव त्या यादीत असावं लागतं आणि त्याचा नोंदणी क्रमांक पावतीवर असावा लागतो. रुग्णसोबती यादीत होतं, क्रमांकासकट. रुग्णसाथी नव्हतंच. पावतीवरचा क्रमांक कोणाचाच नव्हता. 'आणि शेवटचा दिवस म्हणजे काय? आर्थिक वर्ष संपायला अजून दीड महिना आहे. घाई त्यांना होती, तुला नव्हती.'

आत्याच्या पायाखालची जमीन सरकली. भाचीनंच बँकेला फोन लावून कार्ड बंद करून घेतलं, पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार टाकली. बँकेचा माणूस म्हणाला, परत मिळाले तर कळवू, आणि ते त्यानं ज्या सुरात म्हटलं तो 'चौकशीच्या खिडकीवर विचारा'वाला सूर आत्याला नीट ओळखता आला. पैसे गेले त्याचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त तिला लाज वाटली, इतकी की भाची असताना तिला मान वर करवेना. 'तुझ्या बाबांना सांगू नकोस,' एवढंच ती म्हणाली.

पण भाचीच्या पोटात काही राहत नाही, आणि रविवारी चार वाजता तिचे बाबा तिला घेऊन जिना चढून आले. हा आत्याचा धाकटा भाऊ. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला. सगळं जग त्याला सर म्हणतं, म्हणून आत्याही सरच म्हणते. सरांनी बूट काढले, पाणी प्यायले, आणि बॅगेतून बँकेचा एक फॉर्म काढून टेबलावर ठेवला. खात्यावर दोघांची नावं, आणि दोघांच्या सहीशिवाय एक पैसा हलणार नाही.

'ताई, तुझ्या भल्यासाठी सांगतोय. आज पेन्शन गेली, उद्या ठेव जाईल. आता तू हे सगळं माझ्यावर सोड.'

'ठेव मला निवासाला द्यायची आहे.'

'कुठल्या निवासाला? साथी की सोबती?' सर म्हणाले, आणि ते बोलणं आत्याला फार लागलं. सरांची कॉलेजची फी तिनं आपल्या पहिल्या चार वर्षांच्या पगारातून भरली होती. ते तिच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. तिला दिसत होतं की भाऊ रागावलेला नाही, घाबरलेला आहे. म्हणून तर उत्तर देणं आणखी अवघड झालं. एक सही केली की ती ठेवच काय, साध्या चादरीचे पैसेही भावाला विचारून काढावे लागतील, आणि भाऊ कधीच हो म्हणणार नाही. तेही तिला दिसत होतं. पेन सरांनी फॉर्मवर आडवं ठेवलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर नंबर तोच.

'उचलू नकोस,' सर म्हणाले.

आत्यानं उचलला आणि आवाज मोठा केला, म्हणजे तिघांनाही ऐकू जावं. तोच पोरगा, तीच आदब. 'मॅडम, ठेव वीस तारखेला मोकळी होतेय ना? कर वाचवायचा तर आजच नोंद करावी लागेल. नवीन कार्ड आलं असेल तर आकडे...'

'आपलं नाव?' आत्या म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. भाची सांगते, तिनं तो आवाज लहानपणी एकदाच, हॉस्पिटलात ऐकला होता. 'आपला विभाग? आपला नंबर द्या, मी वहीतून पडताळून परत जोडते.'

'परत कशाला, मॅडम, आमची लाइन बिझी असते. तुम्ही फक्त...'

तो बोलत राहिला आणि आत्या नेहमीसारखी ऐकत राहिली. पण आता ती त्याचं ऐकत नव्हती, त्याच्यामागची खोली ऐकत होती. त्याच्या डाव्या हाताला कोणीतरी म्हणत होतं, 'आजचाच शेवटचा दिवस.' उजव्या हाताला एक बाई म्हणत होती, 'आजचाच शेवटचा दिवस.' लांबून आणखी एक. त्या खोलीत दहाबारा माणसं बसून दहाबारा म्हाताऱ्यांना तेच वाक्य ऐकवत होती. पहिल्या दिवशीही ती तिथं असणारच. आत्यानं ती ऐकली नव्हती, कारण त्या दिवशी तिला दान करायचं होतं आणि कोणीतरी तिचं बोलणं ऐकून घेत होतं.

पोरगा वाक्याच्या मधोमध असताना तिनं फोन ठेवला. तेहतीस वर्षं आणि वर तीन, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं फोन आपण होऊन ठेवला. भाचीला हसू फुटलं. आत्याला आलं नाही; तिला आपण कोणाच्या तरी तोंडावर दार आपटल्यासारखं वाटत होतं, आणि बरंही वाटत होतं.

सरांवर मात्र ढिम्म परिणाम नाही. 'एक फोन ठेवलास ते छान केलंस. पुढचा असा नसेल. पुढचा तुझ्यापेक्षा हुशार असेल.'

'असेल ना. मग मी त्याचाही नंबर पडताळीन,' आत्या म्हणाली. 'सर, मी आकडे दिले ही माझी चूक. आकडे नीट सांगायचे हे मी तेहतीस वर्षं पगार घेऊन शिकले होते. पण पडताळून जोडायचं हेही मी तिथंच शिकले, आणि ते त्या दिवशी केलं नाही. सही घ्यायचीच असेल तर घे. पण आधी माझ्याबरोबर चल आणि ती जागा बघ. खोटी निघाली तर फॉर्मवर सही करते.'

सोमवारी तिनं कर खात्याच्या यादीतला नंबर घेतला आणि लावला. पत्रकावरचा नाही, कोणी सांगितलेला नाही, यादीतला. पलीकडून एक घोगरा बायकी आवाज आला. आत्यानं देणगीचं म्हटलं तर बाई म्हणाल्या, 'फोनवर आम्ही पैसे घेत नाही. या, बघा, पटलं तर द्या.' आणि चक्क त्यांनीच आधी फोन ठेवला. मागे कोणीतरी बादली मागत होतं. आत्याला तो उद्धटपणा इतका आवडला की तिनं तो भाचीला दोनदा सांगितला.

वीस तारखेला तिघं गेली. गोदामाला उंच छप्पर, खाली दोन रांगांत बत्तीस खाटा, प्रत्येकीला कुलपाची पेटी. एका कोपऱ्यात चार शेगड्या आणि त्यांच्यावर फळा, कोणी किती वाजता स्वयंपाक करायचा त्याचा. कपडे वाळत घातलेले. घोगऱ्या आवाजाच्या व्यवस्थापक बाई उशांना अभ्रे घालत होत्या आणि त्यांनी ते थांबवलं नाही. सरांनी शाळेची तपासणी करावी तशी तपासणी सुरू केली. नोंदणीचं प्रमाणपत्र कुठं? लेखापरीक्षण कोण करतं? शंभरातले किती पगारावर जातात? बाईंनी अभ्रा दातात धरून भिंतीवरच्या फायलीकडे बोट दाखवलं. सरांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली आणि त्यांना एकही चूक सापडेना. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

गुडघे दुखायला लागले तसे ते जवळच्या खाटेवर बसले. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा मोजे वाळवत होता. त्यानं सरांकडे पाहिलं आणि तिथं सगळे एकमेकांना विचारतात तेच विचारलं.

'तुमचं कोण आहे आत?'

सरांना क्षणभर समजलंच नाही. 'कोणी नाही,' ते म्हणाले.

'माझी बायको आहे. अठरा दिवस झाले.' म्हातारा मोजा उलटा करत म्हणाला. 'पहिले सहा दिवस जिन्याखाली काढले. तिला सांगायचो, झक्क खोली मिळालीय. ती म्हणायची, मग शर्ट असा का चुरगळलाय?' तो जरा हसला. 'आता खरंच मिळाली, तर म्हणते, थापा मारता.'

सरांनी बॅगेतून तो फॉर्म काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला. 'ताई, तुझी सही तूच कर,' ते म्हणाले.

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. पर्स उघडून तिनं चेक लिहायला घेतला, तेव्हा भाचीनं तिचा हात धरला. पूर्ण रक्कम एकदम नको. दानावर सूट उत्पन्नाच्या ठरावीक हिश्श्यापर्यंतच मिळते. वरचं दिलं तर दान होतं, सूट मिळत नाही. म्हणून अर्ध्या रकमेचा चेक आत्ता, उरलेल्या अर्ध्याचा महिन्याभरानं नवं आर्थिक वर्ष लागल्यावर. दोन वर्षांची मिळून सूट हातात येईल. कर वाचवण्यासाठी कोणी दान करू नये, हे भाचीही मानते. पण दान करतोच आहोत, तर वाचणारा कर का सोडायचा? तिनं कागदावर मांडून दाखवलं: वाचलेल्या पैशात आणखी तीन गाद्या येत होत्या. व्यवस्थापक बाईंनी पहिल्यांदाच अभ्रे बाजूला ठेवले आणि तो कागद मागून घेतला. म्हणाल्या, येणाऱ्या सगळ्या पेन्शनवाल्यांना दाखवीन.

तेवढ्यात सरांनी पाकीट काढलं आणि नोटा मोजायला सुरुवात केली. आत्यानं पाकिटावर हात ठेवला.

'आज नाही.'

'का? माझे पैसे आहेत.'

'रोख नाही, दोन हजारांवर रोख दिली तर सूट मिळत नाही. आणि तू आत्ता भरून आलायस. घरी जा, चार दिवस जाऊ देत. मग तुला परवडेल तेवढा चेक लिही.'

सरांनी व्यवस्थापक बाईंकडे पाहिलं. पैसे नको म्हणायला त्यांना बंदी असेल अशी आशा असावी. बाई म्हणाल्या, 'ताई बरोबर बोलतायत.' सरांनी पाकीट खिशात ठेवलं. 'बरं ताई,' ते म्हणाले.

पाचव्या दिवशी सकाळी सर एकटेच तिकडे गेले. चेक दिला, पावतीवरचा क्रमांक यादीशी ताडून पाहिला, बाईंच्या देखत, न लाजता. मग ते खाटांच्या रांगेतून शेवटपर्यंत चालत गेले आणि तिथून आत्याला फोन लावला.

आत्यानं उचलला. मागे बादल्यांचा आवाज येत होता, कोणाचं तरी पोर रडत होतं. सरांच्या श्वासावरून आत्याला कळलं की ते जिना चढलेले नाहीत आणि रागावलेलेही नाहीत.

'ताई,' सर म्हणाले, 'आपला माणूस सुटला, तो मोजेवाला. त्याची बायको काल घरी गेली. चालत गेली म्हणे.'